कोफाय स्ट्रीटवरची रेषा जागच्या जागी ठेवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
पालकनियुक्त विश्वस्त मंडळ,
टोटारा राइज प्राथमिक शाळा,
सँडरिंगहॅम, ऑकलंड.

विषय : अर्जदाराने स्वतःच केलेला, आणि दुर्दैवाने मान्य होऊ घातलेला, अर्ज फेटाळून मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. ४ जुलै २००५ रोजीचा इंग्रजी अर्ज, अमेरिकेविषयीच्या परिशिष्टासह.
२) त्यावर आपल्याकडून आलेले अनपेक्षित उत्तर.
३) "हरकती कोणत्याही भाषेत चालतील" ही आपली जाहीर सूचना.

महोदया,

१. अर्जदार श्री. रमण दत्तात्रय खांबेटे, वय एकाहत्तर, जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागातून कक्ष अधिकारी म्हणून पुण्यात निवृत्त, हल्ली मुक्काम मुलाकडे, १४ कोफाय स्ट्रीट, याचे सविनय म्हणणे असे की, त्याची सगळी नोकरी इतरांचे अर्ज वाचण्यात गेली. स्वतः अर्ज करण्याची पाळी त्याच्यावर आयुष्यात दोनदाच आली. पहिला अर्ज आपल्या दप्तरी आहेच. हा दुसरा. दुसऱ्याचे काम एवढेच, की त्याने पहिल्याची मानगूट धरून त्याला आपल्या टेबलावरून खाली उतरवावे.

२. प्रथम भाषेबद्दल खुलासा. हा अर्ज मराठीत का, असे आपण विचाराल. अर्जदाराचे इंग्रजी चांगले आहे, आणि सगळा घोटाळा त्यामुळेच झाला. शिवाय मराठी कागदाच्या भाषांतरात चार आठवडे सहज जातील, असा त्याचा हिशेब होता. आपल्या कार्यालयातील डेबीबाईंनी तोही चुकवला. अर्ज मराठीत येणार हे कळताच परिसरात मराठी वाचणारे कोण, याची त्यांनी फोनवरून चौकशी केली आणि चहा निवायच्या आत पूरीरी लेन शाळेतील शिक्षिका सौ. सरिता इंगोले यांचे नाव शोधून काढले. म्हणजे हा अर्ज आपल्यापर्यंत सौ. इंगोले यांच्या हातून येईल. आणि सौ. इंगोले यांची नोकरी राहणार की जाणार, हाच या अर्जाचा विषय आहे. डेबीबाईंना हे ठाऊक नाही. अर्जदाराला आहे, तरीही त्याने भाषा बदललेली नाही. जे त्या बाईंसमोर उभे राहून बोलण्याचा धीर त्याला होत नाही, ते निदान त्यांच्या नजरेखालून जाईल. (सरिताबाई, हे शेवटचे वाक्य इंग्रजीत गाळले तरी चालेल.)

३. आता मूळ हकीकत. अर्जदाराचा मुलगा गंधार हा संगणकाच्या नोकरीत असून त्याने दोन वर्षांपूर्वी कोफाय स्ट्रीटवर भाड्याचे घर पाहिले. एकाच रस्त्यावर, समोरासमोर, दोन घरे रिकामी होती. त्याला पूर्वेकडचे पसंत होते. अर्जदाराने पुण्याहून फोनवर एकच प्रश्न विचारला, "दार कोणत्या दिशेला?" पूर्वेकडच्या घराचे दार पश्चिमेला होते. त्यावर अर्जदार म्हणाला, "दार पूर्वेला असलेल्या घरातच मी पाऊल टाकीन." गंधार आज्ञाधारक मुलगा. त्याने समोरचे, सम क्रमांकाचे घर घेतले. रस्त्याच्या मधोमध आपल्या शाळेच्या प्रवेशक्षेत्राची रेषा जाते, विषम क्रमांकाची मुले टोटारा राइजला जातात आणि सम क्रमांकाची पूरीरी लेनला, हे वास्तुशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात दिलेले नव्हते. अर्जदार येथे आल्यावर त्याला आणखी एक गोष्ट कळली, ती म्हणजे या देशात सूर्य दिवसभर उत्तरेच्या बाजूने फिरतो. पूर्वेच्या दारातून सकाळी जरा उजेड येतो, मग घर दिवसभर फ्रिजसारखे. हल्ली अर्जदार ऑगस्टच्या थंडीत कानटोपी घालून पूर्वेच्या दारात बसतो आणि समोरच्या विषम बाजूला कपडे वाळताना बघतो.

४. तरीही घर, थंडी आणि नात सिद्धी यांचे बरे चालले होते. बिघाड झाला तो वाणसामानाच्या दुकानात. सँडरिंगहॅम रोडवरच्या दुकानात तूरडाळ घ्यायला उभे राहिले की पूर्वी लोक एकमेकांना गाव विचारत. आता झोन विचारतात. "कुठला झोन?" "डेसाइल किती?" अर्जदाराने हा डेसाइल शब्द प्रथम ऐकला तेव्हा तो परीक्षेतील गुणांसारखा असावा असे धरले. सिद्धीच्या शाळेचा आकडा तीन. तीन ऐकताच समोरच्या गृहस्थांनी तोंड असे केले, की अर्जदाराच्या नातीला जणू गोवर निघाला आहे. आपल्या शाळेचा आकडा नऊ. अर्जदार ती डाळ घेऊन घरी आला तो नापास होऊनच.

आकड्याचा अर्थ त्याला फार नंतर कळला. त्या आकड्यावरून शाळेत काय शिकवतात ते कळत नाही, मुलांच्या घरी किती येते तेवढे कळते. आकडा लहान असेल तर सरकार त्या शाळेला जास्त मदत देते. अर्जदाराने स्वतःच्या खात्यात असला उलटा व्यवहार पाहिला नसल्याने तो त्याच्या डोक्यात शिरला नाही. तोपर्यंत अर्ज टाकून झाला होता.

५. त्या अर्जाची मागणी साधी होती. प्रवेशक्षेत्राची रेषा रस्त्याच्या मध्यावरून उचलून १४ क्रमांकाच्या घराच्या मागच्या कुंपणावर ठेवावी. इतक्या लहान मागणीला वजन यावे म्हणून अर्जदाराने जवळच्या ग्रंथालयात बसून अमेरिकेतील सार्वजनिक शिक्षणाचा इतिहास वाचून काढला आणि परिशिष्ट म्हणून जोडला. (अमेरिकाच का, तर त्या फळीवर पुस्तके जास्त होती आणि तिथे हीटर होता.)

परिशिष्ट वाईट नव्हते, हे अर्जदार आजही म्हणेल. शेतकऱ्याचे आणि सावकाराचे पोर एका बाकावर बसावे म्हणून मॅसॅच्युसेट्समध्ये काही लोकांनी गावोगाव फिरून वर्गणीची नव्हे, तर कराची शाळा कशी उभी केली, ते त्यात होते. तो कर घरांच्या किमतीवर बसवल्यामुळे चांगल्या घरांच्या भागात चांगली शाळा आणि पडक्या घरांच्या भागात पडकी शाळा कशी झाली, तेही होते. घराजवळची गोऱ्यांची शाळा ओलांडून लांबच्या शाळेत चालत जाणाऱ्या काळ्या मुली होत्या. काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवणारा एकोणीसशे चोपन्न सालचा निकाल होता. त्यानंतर रेषेपलीकडे मुले नेणाऱ्या बसेस होत्या, बसेसवर पडलेले दगड होते, आणि ज्यांना परवडले ते गोरे गुपचूप गावाबाहेर राहायला गेले त्यांची हकीकत होती. अर्जदाराने त्या लोकांची चांगली खरडपट्टी काढली होती. "रेषेचा जाच होतो तो ज्यांना ती हलवता येत नाही त्यांना, ज्यांना हलवता येते ते तिच्याविषयी सुंदर लिहितात," असे वाक्यही त्याने घातले आणि स्वतःवर खूश होऊन दोनदा अधोरेखित केले.

पुढच्याच पानावर त्याने लिहिले, की हाच अन्याय आज कुमारी सिद्धी खांबेटे हिच्यावर होत आहे. त्या मुलींना जवळची शाळा सोडून लांब जावे लागत होते. सिद्धीला लांबची शाळा सोडून जवळ जावे लागते. हा फरक अर्जदाराच्या ध्यानात आला नाही असे नाही. आला, पण तेव्हा परिशिष्ट टाइप करून झाले होते.

६. येथे आपल्याला अर्जदाराच्या खात्यातील एक रीत समजून घ्यावी लागेल. त्याशिवाय त्याची चूक कशी झाली ते कळणार नाही. आमच्याकडे पहिला अर्ज हा खरा अर्ज नसतो. तो दारावर टकटक केल्यासारखा असतो. त्याचे कोणी काही करत नाही, आणि करावे अशी अर्जदाराचीही अपेक्षा नसते. मग स्मरणपत्र क्रमांक एक जाते. ते पहिल्या अर्जाला टाचण्यासाठी असते. स्मरणपत्र क्रमांक दोन गेल्यावर साहेब विचारतात, हे काय प्रकरण आहे. तिसऱ्यानंतर माणूस स्वतः येतो, बाकावर बसतो, आणि तेव्हा कुठे बघू म्हणतात. या सगळ्या काळात माणसाला आपल्याला नेमके काय हवे आहे याचा विचार करायला भरपूर वेळ मिळतो. निम्मे लोक तर मध्येच विचार बदलतात, मुले मोठी होतात, शाळा सुटते, प्रश्न मिटतो. अर्जदार हा अशा वातावरणात वाढलेला आहे. त्याने अमेरिकेच्या इतिहासासह अर्ज टाकला तो या विश्वासावर, की निदान तिसऱ्या स्मरणपत्रापर्यंत त्याच्यावर काही येणार नाही.

७. आपण त्याच आठवड्यात उत्तर दिलेत. "किआ ओरा रामन," अशी माओरी नमस्काराने सुरुवात करून आपण कळवलेत, की परिशिष्ट मंडळाच्या सभेत मोठ्याने वाचण्यात आले, दोन सभासदांना भरून आले, आणि मंडळ कोफाय स्ट्रीटची संपूर्ण सम बाजू क्षेत्रात घेण्याचा ठराव मांडत आहे. एका घरासाठी मागितले आणि रस्ता मिळाला. अर्जदाराने ते पत्र हातात घेऊन खाली बसून पुन्हा वाचले. गंधार त्या रात्री जेवताना म्हणाला, "बाबा, मानलं तुम्हाला." असे तो अर्जदाराला दहावीनंतर पहिल्यांदाच म्हणाला. अर्जदाराने त्या दिवशी पोळीवर जास्त तूप घेतले. अर्जदाराची पत्नी सौ. स्नेहलता हिने अडवले नाही.

८. पुढील प्रसंग एका शनिवारचा आहे. पूरीरी लेन शाळेच्या निधीसाठी हार्डवेअरच्या दुकानासमोर सॉसेज सिझल होते. म्हणजे पालकांनी शेगडी मांडून पावात सॉसेज घालून येणाऱ्याजाणाऱ्याला विकायचे. अर्जदार शाकाहारी असल्यामुळे त्याला कांदा चिरण्याचे काम मिळाले. शेगडीवर सरिताबाईंचे यजमान लहू इंगोले उभे होते. ते पुलांचे इंजिनिअर, मूळचे वाशीमचे. भर थंडीत पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला. सरिताबाई सुट्टे पैसे देत होत्या.

लहू म्हणाले, "काका, एवढा कांदा चिरला, अन् डोळ्याला पाणी नाही तुमच्या."

अर्जदार म्हणाला, "सवय आहे."

"तुमचं ते अमेरिकेचं वाचलं मी. ठरावावर आमच्या शाळेचं मत मागवलं ना त्यांनी, त्याच्यासंगं आलं. सरितानं घरी आणलं होतं. लय भारी लिहिलंय, काका."

अर्जदाराने नम्रतेने मान हलवली आणि आणखी एक कांदा घेतला.

"त्या काळ्या पोरींचं वाचून मला आमचा आजा आठवला. तो दाराबाहेर बसून बाराखडी शिकला. आत घेत नव्हते. मी बायकोला म्हणलं, बघ, पुण्याचा माणूस असून किती आतून लिहितो. मग शेवटचं पान उलटलं, तर हे सगळं कशाला, तर तुम्हाला आमच्या शाळेतून उठून जायचंय."

"तसं नाही, लहू," अर्जदार म्हणाला. त्याने चिरलेला कांदा पुन्हा चिरला.

"आजाला दाराबाहेर बसवला होता. तुम्ही शाळेलाच बाहेर बसवलं, काका. जरा नवीन आहे." त्यांनी एक सॉसेज उलटले. "सम बाजूची घरं तिकडं गेली, की पटसंख्या खाली येते, अन् पुढच्या वर्षी एक जागा जाते. शेवटी लागलेलं माणूस कोण आहे, सांगा." आणि त्यांनी हातातला चिमटा सरिताबाईंच्या दिशेने केला.

सरिताबाई एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला नाणी मोजून देत होत्या. त्यांनी सगळे ऐकले असावे. पण त्या एवढेच म्हणाल्या, "काका, कांदा आणा. रांग थांबलीय."

९. सौ. इंगोले यांच्याविषयी अर्जदाराला जे माहीत आहे ते असे. त्या वाशीमकडे जिल्हा परिषदेच्याच शाळेत शिक्षिका होत्या. म्हणजे अर्जदाराच्या खात्याच्या. इथे आल्यावर त्यांची पदवी कमी धरली गेली, म्हणून पस्तिशीत पुन्हा वर्गात बसून परीक्षा दिल्या. मधल्या काळात पापाटोएटो उपनगरात एका दुकानात उभ्या राहिल्या. पूरीरी लेनला लागून त्यांना दुसरे वर्ष. सिद्धी त्यांच्या वर्गात आहे. सिद्धी घरी मराठीत उत्तर देत नाही, पण बाईंविषयी विचारले तर म्हणते, "शी'ज हीप्स स्ट्रिक्ट," म्हणजे भयंकर कडक. अर्जदाराच्या मते शिक्षकाला याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही. हे सगळे त्याला परिशिष्ट लिहिण्यापूर्वीही माहीत होते. फक्त त्याने ते अमेरिकेत शोधले.

१०. गेल्या सोमवारी अर्जदार शाळेच्या वेळेत आपल्या कार्यालयात स्वतः आला. हेतू एकच, की अर्ज मागे घेता येतो का ते पाहावे, नाहीतर निदान तो रखडवावा. डेबीबाईंनी सांगितले, की ठराव आता मंडळाचा झाला, त्याचा राहिला नाही. तेव्हा अर्जदाराने आडून आडून सुचवले, की या प्रकरणात घाई नको, सर्व बाजू सावकाश तपासाव्यात, काळजी घ्यावी. डेबीबाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "नो वरीज, रामन, आय नो यू आर अँक्शस. वी'ल फास्ट-ट्रॅक इट." आणि पुढच्या महिन्यातली सभा त्यांनी येत्या बुधवारवर आणली. बिस्किटही दिले.

अर्जदार बिस्किट खात परत आला. सेवेतल्या एवढ्या वर्षांत एखादे काम लांबवावे म्हणून त्याला कधी विनवण्या कराव्या लागल्या नव्हत्या. ते आपोआप होत असे.

११. सबब मंडळाच्या मदतीसाठी अर्जदार आपल्या खात्यातील अनुभव येथे नम्रपणे सादर करतो. त्याच्या पहिल्या अर्जावर कोर्ट-फीचे तिकीट नाही. तेवढ्यावरून परत पाठवता आला असता. परिशिष्टातील पुस्तकांच्या पानांच्या साक्षांकित प्रती जोडलेल्या नाहीत, त्या मागवाव्यात. साक्षांकन राजपत्रित अधिकाऱ्याचे असावे असा आग्रह धरल्यास या देशात तसा अधिकारी शोधण्यातच उन्हाळा येईल. रेषा कुंपणावर आणायची तर कुंपणाखालून गटार जाते, त्याविषयी गटार विभागाचा अभिप्राय घ्यावा. गटार विभाग म्हणेल आमचा संबंध नाही, तसे त्यांनी लेखी द्यावे म्हणून पुन्हा लिहावे. एवढ्याने भागले नाही तर संबंधित लिपिक रजेवर पाठवावा आणि कपाटाची किल्ली त्याच्याकडे ठेवावी. आपल्या कार्यालयात कपाटाला कुलूप नाही असे अर्जदाराने त्या सोमवारी पाहिले. कुलूप तो स्वतः आणून देऊ शकेल.

आपण यातले काहीही करणार नाही, हे अर्जदार जाणतो. आपण भल्या बाई आहात. त्याच्या नातीच्या भल्यासाठीच हे सगळे धावून करत आहात, आणि म्हणूनच आपल्याला थांबवावे कसे ते त्याला कळत नाही. वाईट अधिकारी असता तर त्याला जमले असते.

१२. घरातील स्थिती. गंधारला अर्जदाराचा हा उलटा उद्योग समजला तेव्हा तो म्हणाला, "बाबा, आयुष्यात पहिल्यांदा तुमचा एक कागद कामाला आला, आणि तोच तुम्ही फाडताय?" अर्जदाराने लहूचे बोलणे सांगितले. गंधार म्हणाला, "इंगोले चांगले लोक आहेत, बाबा. पण सिद्धी माझी मुलगी आहे." यात चूक काही नाही. वाणसामानाच्या दुकानात कोणीही हेच म्हणेल, आणि अमेरिकेत गावाबाहेर राहायला गेलेल्या लोकांनीही हेच म्हटले असणार, फक्त अर्जदाराने त्यांना परिशिष्टात बोलू दिले नाही.

सौ. स्नेहलता म्हणाली, "दाराच्या दिशेपायी पोरीला इकडे आणलंत, आता शाळेपायी सरिताला घालवा. तुमच्या हातून एक गोष्ट सरळ होईल तर शपथ." हेही बरोबर आहे.

सिद्धीला सगळे समजते, फक्त ती उत्तर इंग्रजीत देते. ती म्हणाली, "आजोबा, इट्स जस्ट अ रोड." मग तिने विचारले, की समोरच्या घरातली मुलगी टोटारा राइजला जाते, आणि दोघी रोज दुपारी एकाच ट्रॅम्पोलिनवर उड्या मारतात, तर मग कोणत्या बाजूला काय आहे. अर्जदाराला अमेरिकेतील उत्तर माहीत होते. कोफाय स्ट्रीटचे नव्हते.

१३. सरिताबाई, पुढील परिच्छेद मात्र शब्दशः इंग्रजीत करावा, काहीही सौम्य करू नये.

महोदया, आपल्या प्रवेशयोजनेच्या नियमांत असे आहे, की हद्द बदलण्याची मागणी हद्दीलगतच्या कायम रहिवाशाने केलेली असावी. पहिल्या अर्जाखाली अर्जदाराने "रहिवासी, कोफाय स्ट्रीट" अशी सही केली. सही करताना त्याला फार बरे वाटले होते. निवृत्तीनंतर कोणत्याही कागदावर आपण कोण हे लिहायला त्याला इतकी चांगली जागा मिळाली नव्हती. पण वस्तुस्थिती अशी आहे, की अर्जदार या देशात पाहुणा आहे. त्याच्या पासपोर्टवर पाहुण्याचा शिक्का आहे. त्याच्या नावावर घर नाही, भाडे नाही, विजेचे बिल नाही, आपल्या मंडळाच्या निवडणुकीत मत नाही, आणि शाळेत जाणारे मूल त्याचे नसून त्याच्या मुलाचे आहे. कोफाय स्ट्रीटच्या रेषेच्या इकडे किंवा तिकडे अर्जदार कोणीही नाही. खात्यात असताना अशा अर्जांवर तो स्वतः एक ओळ लिहीत असे : "अर्जदाराचा विषयाशी संबंध दिसून येत नाही, सबब निकाली." ती ओळ त्याच्या अर्जाला अगदी चपखल बसते. आपण ती वापरावी. पहिला अर्ज मुळातच करता येत नव्हता, तेव्हा त्यावर उभा राहिलेला ठरावही उभा राहू शकत नाही. सम बाजूच्या एखाद्या खऱ्या रहिवाशाला रेषा हलवायची असेल तर त्याने स्वतः यावे, स्वतःच्या नावाने मागावे, आणि मागताना पूरीरी लेनच्या फाटकावरून चालत यावे.

गंधारने अर्जदाराच्या मुक्कामाला आणखी सहा महिन्यांची मुदतवाढ घेण्यासाठी कागद आणले होते. अर्जदाराने त्यावर सही केलेली नाही. मुदत वाढवत राहणाऱ्या माणसाला उद्या कोणी रहिवासी म्हणेल, आणि मग वरील परिच्छेदात काही अर्थ उरणार नाही. नातीचा चौथ्या सत्राचा कार्यक्रम त्यामुळे हुकेल. ते अर्जदाराने तिला अजून सांगितलेले नाही.

१४. तरी बुधवारच्या सभेत ठरावाआधी हा अर्ज वाचावा, पहिला अर्ज अपात्र म्हणून निकाली काढावा आणि रेषा रस्त्याच्या मधोमध, जिथे आहे तिथेच राहू द्यावी, ही विनंती. परिशिष्ट मंडळाला आवडले असल्यास ते ठेवून घेण्यास अर्जदाराची हरकत नाही. फक्त शेवटचे पान काढून टाकावे.

आपल्या तत्परतेपुढे हात टेकलेला,

रमण दत्तात्रय खांबेटे
(रहिवासी नव्हे)
द्वारा श्री. गंधार खांबेटे, १४ कोफाय स्ट्रीट, सँडरिंगहॅम
दि. १५ ऑगस्ट २००५

सोबत :
१) पासपोर्टच्या संबंधित पानाची प्रत.
२) अर्जदाराच्या ऑक्टोबरातील परतीच्या विमान तिकिटाची प्रत, तो येथील कायम रहिवासी नसल्याचा पुरावा म्हणून. राजपत्रित अधिकारी उपलब्ध नसल्याने ती सौ. स्नेहलता खांबेटे यांनी साक्षांकित केली आहे. साक्षांकित करताना त्यांनी मागे स्वतःचेही त्याच विमानाचे तिकीट टाचले. ते अर्जदाराने मागितले नव्हते.